जुना लॅपटॉप भंगारात देण्यापूर्वी

विंडोज १० साठीचे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. अशा लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. पण मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधले घर असो वा दुकान, चालता लॅपटॉप भंगारात कशाला द्यायचा? मोफत लिनक्स त्याला पुन्हा सुरक्षित करू शकते.

लिनक्सचे प्रकार अनेक. नवख्याने लॅपटॉपची मेमरी पाहून निवड करावी. आठ जीबी असेल तर विंडोजशी मिळताजुळता सिनॅमन डेस्कटॉप असलेले लिनक्स मिंट. चारच असेल तर त्याचीच हलकी एक्सएफसीई आवृत्ती.

ते आधी पेन ड्राइव्हवरून चालवून वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग तपासावे. फायलींची प्रत काढावी, मगच इन्स्टॉल करावे. कामाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालणारे असेल, तर घाई नको.