शेपटावरून औषध ओळखा

बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावातून डी. फार्मसीला जाणाऱ्या मुलांची एक तक्रार ठरलेली असते: औषधांची नावं डोक्यात राहत नाहीत. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोरापुढे एकदम टेल्मिसार्टन, सिटाग्लिप्टिन, लेव्होसेटिरिझिन येऊन उभी राहतात. मग घोकंपट्टी सुरू होते आणि परीक्षा संपली की पाटी कोरी.

या पोरांची स्मरणशक्ती कमी नाही. त्यांना नाव वाचायला कुणी शिकवलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या मूळ नावांची पहिली यादी १९५३ साली काढली. या पद्धतीत एका गटातल्या औषधांच्या नावांत सहसा ठरावीक अक्षरं येतात, बहुतेकदा शेवटी. अटेनोलोल, मेटोप्रोलोल यांतलं ‘ओलोल’ म्हणजे बीटा ब्लॉकर. ‘सार्टन’ बीपीचं, ‘ग्लिप्टिन’ शुगरचं. अशी वीस-पंचवीस शेपटं आली की शेकडो नावं ओळखीची होतात.

पण नुसतं ‘झोल’ ऐकून थांबलं तर घात होतो. ओमेप्राझोल ॲसिडिटीचं, फ्लुकोनाझोल बुरशीचं, अल्बेंडाझोल जंतांचं, मेट्रोनिडाझोल अमिबाच्या जुलाबांवरचं. म्हणून शेपूट पुरतं धरायचं: प्राझोल, कोनाझोल, बेंडाझोल, निडाझोल. एवढं करूनही रॅबेप्राझोल आणि ॲरिपिप्राझोल ही जोडी चकवतेच. पहिलं ॲसिडिटीचं, दुसरं स्किझोफ्रेनियाचं. त्याचा ‘पिप्राझोल’ हा गटच निराळा. अशा जोड्या सरांनी फळ्यावर एकाखाली एक लिहाव्यात, फरकाची अक्षरं रंगीत खडूने ठळक करावीत आणि वर्गाकडून मोठ्याने म्हणून घ्याव्यात. रुग्णालयांत याच कारणासाठी सारख्या दिसणाऱ्या नावांतली वेगळी अक्षरं मोठी छापतात.

खरी कसोटी मेडिकलच्या काउंटरवर लागते. तिथे मेटफॉर्मिन कोण मागतो? ‘शुगरची गोळी द्या’ म्हणतात, फार तर ‘ग्लायकोमेट’. तेलंगणातून येसगीचा पूल ओलांडून आलेलं गिऱ्हाईक तेच तेलुगूत मागतं. कंपनीने ठेवलेल्या नावाला असं शेपूट असेलच असं नाही, त्यामुळे कॉलेजात शिकलेलं एकीकडे आणि दुकानातलं दुसरीकडे राहतं. या दोन्हींची गाठ घालून देणं हे शिक्षकांचंच काम आहे, आणि ते होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अभ्यासक्रमात ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे. ते सही-शिक्क्यापुरतं उरू नये. त्या तासांत प्रत्येकाने एक वही ठेवावी: स्ट्रिपवरचं कंपनीचं नाव, औषधाचं मूळ नाव, त्याचं शेपूट, आणि गिऱ्हाईक ते काय म्हणून मागतं. मराठी, तेलुगू, उर्दू, जे कानावर पडेल ते जसंच्या तसं लिहावं. मेडिकलवाल्यांनीही गर्दी ओसरल्यावर पोरांना रॅकपाशी उभं करून दोन-चार स्ट्रिपा वाचून घ्याव्यात. आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांनी ती वही मागावी, हातात एक स्ट्रिप द्यावी आणि विचारावं, ‘हे कशाचं, आणि कशावरून ओळखलंस?’