हॉटेलातले भूत आणि बांधावरचा मुंजा

आज खताचा, बियाण्याचा विषय बाजूला ठेवतो आणि भुताची गोष्ट सांगतो. हसू नका. गोष्ट शेवटी तुमच्या गोठ्यातच येणार आहे.

उत्तरेत डेहराडूनच्या वर डोंगरावर मसुरी नावाचे छोटे गाव आहे. आपले माथेरान-महाबळेश्वर तसे ते थंड हवेचे ठिकाण. तिथे १९०२ साली ‘सॅव्हॉय’ नावाचे मोठे हॉटेल सुरू झाले. रेल्वे डेहराडूनपर्यंतच होती, वर मोटारीचा रस्ता नव्हता. त्यामुळे पलंग, कपाटे, पियानो, बिलियर्डची टेबले हे सगळे सामान बैलगाड्यांनी घाट चढवून नेले. म्हणजे साहेबांच्या त्या हॉटेलातही घाम बैलाचाच.

१९११ साली या हॉटेलात फ्रान्सिस गार्नेट-ऑर्म नावाची एक इंग्रज बाई उतरली होती. मेलेल्यांच्या आत्म्यांशी बोलता येते असे मानणाऱ्यांपैकी ती होती. तिच्यासोबत तशाच विचारांची एक सोबतीण होती. सोबतीण गाव सोडून गेली आणि काही दिवसांनी ही बाई खोलीत मरून पडलेली सापडली. दार आतून बंद होते म्हणतात. झाले! आत्मे बोलावणारी बाई, बंद खोली आणि अचानक मरण. भुताला अजून काय पाहिजे? आज शंभरावर वर्षे झाली, तरी ती बाई हॉटेलच्या व्हरांड्यातून फिरते, दारे उघडते, आपला खुनी शोधते, असे सांगणारे सांगतात आणि ऐकणारे ऐकतात.

आता गोष्टीचा दुसरा भाग. हा भाग रात्री शेकोटीपाशी कोणी सांगत नाही. त्या बाईचे शवविच्छेदन झाले. मरण प्रुसिक आम्लाने, म्हणजे सायनाइडच्या जातीच्या विषाने आले, असे निघाले. संशय सोबतिणीवर गेला. अलाहाबादच्या हायकोर्टात खटला उभा राहिला आणि ती निर्दोष सुटली. विष कोणी दिले हे शेवटपर्यंत ठरले नाही. पुढे १९२० साली अगाथा ख्रिस्ती या बाईंची पहिली रहस्यकादंबरी आली. तिला या प्रकरणावरून कल्पना सुचली असे म्हणतात. कादंबरीत विष आहे ते स्ट्रिक्निन, म्हणजे आपल्या काजऱ्याच्या बीतले. तेव्हापासून बरेच जण मसुरीच्या बाईलाही स्ट्रिक्निनच दिले होते असे सांगू लागले. गोष्ट तोंडोतोंडी गेली की विषसुद्धा बदलते, ते असे.

माझे म्हणणे एवढेच की तपास जिथे थांबतो, तिथे भूत उभे राहते. हॉटेलवाल्याला ते परवडते. भुताची खोली बघायला गिऱ्हाईक येते, चार पैसे जास्त मोजते. पण आपल्याला, बंधूंनो, भूत परवडत नाही. आपल्याकडे भूत उभे राहिले की एक जनावर गेलेले असते आणि दुसरे जायच्या वाटेवर असते.

आमच्या भागातल्या एका वस्तीवरची गोष्ट आहे. नाव सांगत नाही. पावसाने ओढ दिलेली. ओढ्याकाठी पिंपळ, त्यावर मुंजा आहे अशी जुनी समजूत. सकाळी तिथे चरायला सोडलेली गाय तासाभरात तडफडून मेली. दुपारी तिची कालवड पडली. मी पोचलो तेव्हा नारळ फुटला होता, लिंबू उतरून झाले होते आणि दोन्ही जनावरे पुरून टाकली होती. मालक म्हणाला, “साहेब, मुंजाचा फेरा आहे. आता काय करता?” मी पिंपळाच्या पलीकडे बघितले. कापून नेलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना हिरवेगार फुटवे आलेले आणि त्यांचे शेंडे खाल्लेले. म्हटलं, “आबा, मुंजा झाडावर नाही, तो या पोंग्यात बसलाय.”

मसुरीच्या त्या बाईला ज्या विषाने मारले, तेच विष कोवळ्या ज्वारीत असते. आपली जुनी माणसे त्याला ‘किराळ लागली’ म्हणतात. ज्वारीच्या कोवळ्या पानात ड्युरिन नावाचा पदार्थ असतो. जनावराने पाला चावला की पोटात त्यापासून प्रुसिक आम्ल तयार होते आणि रक्तातला प्राणवायू शरीराला वापरता येईनासा होतो. जनावर धापा टाकते, तोंडाला फेस येतो, झोकांड्या खाते, खाली पडते. हिरड्या आणि डोळ्यांच्या आतली कातडी लालभडक दिसते. सगळा खेळ काही मिनिटांचा, फार तर काही तासांचा. सकाळी धडधाकट असलेले जनावर दुपारी नाही, म्हणून ते भुताचे काम वाटते. यात आडाणीपणाची गोष्ट नाही, तसे वाटणे साहजिक आहे. पण वाटण्यावर थांबायचे नाही.

मग करायचे काय? ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय हिरवी खाऊ घालू नका. पाऊस ताणला आणि पीक खुरटले, तर जास्त जपा, कारण ताणातल्या पिकात विष वाढते. युरियाचा मारा जास्त झाला तरी वाढते. कापणीनंतरचे फुटवे तर सगळ्यात वाईट. तिथे जनावर मोकळे सोडू नका. उपाशी जनावर बाहेर काढण्याआधी त्याला थोडा वाळला चारा द्या. नीट वाळवलेल्या कडब्यात ही भीती फारशी राहत नाही. आणि लक्षण दिसले की नारळ आणायला माणूस पळवू नका, डॉक्टरला आणायला पळवा. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शने वेळेत शिरेतून मिळाली तर जनावर उठते. हे मी पाहिले आहे. देवाला नारळ फोडायचा तर जनावर उठल्यावर फोडा, मीही प्रसादाला येईन.

मेलेले जनावर घाईने पुरू नका. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. विमा उतरवलेला असेल तर त्या कागदाशिवाय दावा उभा राहत नाही. वर सांगितलेल्या आबांची गाय विम्याची होती. कागद नाही म्हणून पैसे नाहीत. मुंजाने गाय नेली, असे विमा कंपनीच्या अर्जात लिहायला जागा नसते.

आता दोन शब्द सरपंच, पोलीस पाटील आणि भाऊसाहेबांसाठी. मसुरीत संशय सोबतिणीवर गेला. तिच्या नशिबाने कोर्ट होते, ती सुटली. आपल्या गावात दोन जनावरे ओळीने मेली की मुंजावरून बोलणे हळूच एखाद्या एकट्या म्हातारीवर येते. ‘तिनेच काही केले असेल.’ तिला कोणते कोर्ट? पारावरचेच. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आहे. अमक्याने करणी केली असे सांगून कोणाचे जगणे मुश्कील करणे हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. पण गोष्ट पोलीस ठाण्यापर्यंत जाण्याआधी पारावरच थांबवता येते, आणि ती थांबवणे तुमच्या हातात आहे.

म्हणून एक सुचवतो. पेरणीनंतरच्या ग्रामसभेत किराळीचा विषय घ्या. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दोन ओळी लिहा: फुलोऱ्याआधी ज्वारी चारू नये, जनावर पडल्यास आधी डॉक्टरला बोलवावे. खाली दवाखान्याचा फोन नंबर टाका. खडूच्या एका कांडीचा खर्च आहे.

मसुरीची बाई खुशाल फिरू दे तिच्या व्हरांड्यात. तिच्यावर हॉटेल चालते. आपला गोठा मुंजावर चालत नाही. तो डोळे उघडे ठेवून चारा टाकणाऱ्या माणसावर चालतो.