ठोके मोजले, पुढे काय?

पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. दोर ओढणाऱ्यांची आणि चाकाला मोगरी लावणाऱ्यांची छाती तेव्हा धडधडत असते, अंग घामाने निथळत असते. त्यांच्यापैकी एखाद्याच्या मनगटावर ‘स्मार्ट’ घड्याळ असेल, तर ते त्याला तणावाचा इशाराही देईल. ठोके वाढले, हे घड्याळाला कळते. ते भक्तीने वाढले, श्रमाने की चिंतेने, हे कळत नाही.

अंगावरच्या संवेदकांची खरी कसोटी अंतराळात लागली. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरताना नील आर्मस्ट्राँग यांचा आवाज शांत होता, पण नाडी मिनिटाला सुमारे १५० वर गेली होती. २०१९ मध्ये अंतराळ स्थानकात डेव्हिड सें-जाक यांनी कॅनडाचा ‘बायो-मॉनिटर’ सदरा वापरला. नाडी, श्वास, त्वचेचे तापमान, रक्तातील प्राणवायू अशा नोंदी तो एकाच वेळी घेतो.

तणाव असा थेट मोजता येत नाही, त्याच्या खुणा मोजल्या जातात. दोन ठोक्यांमधले अंतर निरोगी माणसात किंचित कमी-जास्त होत असते. ताण वाढला की हा फरक घटतो. घामामुळे त्वचेतून वीज अधिक सहज वाहते, हीही एक खूण. घामातील कॉर्टिसॉल मोजणाऱ्या पट्ट्यांवर अजून संशोधन सुरू आहे.

अडचण इथेच आहे. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. केळीचे घड वाहणाऱ्या मजुराची नाडी आणि घाम नुसत्या उन्हानेच वाढतो. थंड खोलीत बसलेल्या माणसावर ठरवलेले निकष त्याला कसे लागू पडणार? शिवाय त्वचेच्या रंगाचाही प्रश्न आहे. प्रकाशाच्या आधारे प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिमीटरमधून कृष्णवर्णीय रुग्णांची धोकादायक घट गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा निसटते, असे २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले. म्हणून ही साधने खान्देशच्या उन्हात, इथल्याच माणसांवर तपासली गेली पाहिजेत. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने हे काम हाती घ्यावे. एकाच आकड्यापेक्षा त्या व्यक्तीच्या अनेक दिवसांच्या नोंदींशी केलेली तुलना अधिक विश्वासार्ह, हेही लोकांना सांगावे.

त्याहून मोठा फरक वेगळाच आहे. अंतराळवीराच्या सदऱ्यातून आलेला आकडा पाहायला जमिनीवर डॉक्टर बसलेला असतो. रात्रपाळीच्या परिचारिकेच्या किंवा कर्जाच्या विवंचनेतल्या शेतकऱ्याच्या घड्याळामागे कोण आहे? इशारा ऐकणारे कोणी नसेल, तर तो इशारा काळजीत भरच घालतो. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास चालते. आशा सेविका, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ही सेवा यांची साखळी जुळली, तरच यंत्राचा उपयोग.

या नोंदी मालकाच्या किंवा विमा कंपनीच्या हाती जाऊ नयेत, याचीही काळजी हवी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. संमती म्हणजे काय, हे मात्र कामगाराला त्याच्या भाषेत समजावले पाहिजे. आणि छातीत दुखत असेल, तर घड्याळ ‘सर्व ठीक’ म्हणाले तरी दवाखानाच गाठावा.

यंत्राने ठोके जरूर मोजावेत. ते का वाढले, हे विचारायला मात्र माणूसच लागतो.