पैसा आपला, मग सूचना परक्या भाषेत का?

यूपीआय २०१६ साली आले आणि पाहता पाहता बाजारात रुळले. आज बेळगावच्या खडेबाजारात भाजीवालीपासून कापडवाल्यापर्यंत सर्वांकडे क्यूआर कोड आहे. सुट्या पैशांची कटकट गेली, बँकेतली रांगही कमी झाली. हे चांगलेच झाले. परंतु सोयीबरोबर फसवणूकही वाढली आणि तिला भाषेची एक बाजू आहे. तिच्याकडे सीमाभागातील आपल्या मंडळांचे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

बँकेच्या काउंटरवर मला रोज एक प्रश्न ऐकू येतो. खेड्यातील वयस्कर खातेदार मोबाईल पुढे करून विचारतात, "बघा हो साहेब, पैसे आले की गेले?" एसएमएस इंग्रजीत असतो, त्यातले डेबिट-क्रेडिट त्यांना वाचता येत नाही. फसवणारा मात्र फोनवर त्यांना समजेल अशा भाषेत गोड बोलतो. "पैसे जमा करायचे आहेत, पिन टाका," असे सांगतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, ही साधी गोष्ट त्यांना त्यांच्या भाषेत कोणी सांगितलेलीच नसते.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये नियम घालून दिला. ग्राहकाचा दोष नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर त्याच्यावर भुर्दंड नाही. पण पिन किंवा ओटीपी स्वतः दिला असेल, तर तो निष्काळजीपणा. तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचेच. नियम वाईट नाही. पण धोक्याची सूचनाच समजत नसेल, तर निष्काळजीपणा नेमका कोणाचा?

बँकांचे फॉर्म आणि फलक हिंदी, इंग्रजी व प्रादेशिक भाषेत असावेत, असा दंडक आहे. इथे प्रादेशिक भाषा कन्नड, आणि तिच्या मानाबद्दल आपला वाद नाही. पण त्या तिन्हींत मराठी खातेदार बसत नाही. छापील फॉर्मला खर्च येतो, हे मान्य. मोबाईलच्या पडद्यावर भाषा बदलायला कागद लागत नाही. भीम ॲपमध्ये मराठी आहेच. म्हणजे अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे. "घरातली मुले वाचून दाखवतील," असेही काही जण म्हणतात. पण अनेक घरांतील मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला आहेत.

म्हणून आपली मागणी सोपी असावी. खाते उघडताना खातेदाराला त्याची भाषा विचारावी, एसएमएस त्या भाषेत पाठवावेत आणि फसवणुकीबाबतचे फलक सीमाभागातील शाखांत मराठीतही लावावेत. समितीने आणि मंडळांनी या मागणीचे लेखी निवेदन प्रत्येक बँकेच्या विभागीय कार्यालयात द्यावे व त्याची पोच घ्यावी.

तोवर आपण हातावर हात ठेवून बसू नये. महिला बचत गट, वाचनालये आणि गणेशोत्सव मंडळांनी वर्षातून एक तास याला द्यावा. पिन कोणाला सांगू नका. पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार द्या. एवढे घरोघरी पोहोचले तरी अनेकांची पुंजी वाचेल.

दुकानाच्या पाटीवरील मराठीसाठी आपण वर्षानुवर्षे झगडतो आहोत. आयुष्याची कमाई ज्या पडद्यावर हलते, तिथल्या मराठीसाठीही तोच आग्रह धरला पाहिजे.