थडगी उघडायची एवढी घाई कुणाला?



मार्च 2025 मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी जो तमाशा झाला, तो आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला. 'छावा' चित्रपट नुकताच झळकला होता. मोगलांच्या मोहरा सापडतात अशी आवई उठली आणि माणसं टॉर्च, मेटल डिटेक्टर, कुदळी घेऊन रातोरात शेतांत उतरली. आपल्याकडेही गुप्तधनापायी वीरगळ उलथणारे, समाधीचा चौथरा फोडणारे काही कमी नाहीत. त्यांच्यावर शाई खर्च करायचं कारण नाही. ते चोर आहेत हे तुम्हाला कळतं, पोलिसांना कळतं आणि त्या चोरांनाही कळतं.

आम्हाला बोलायचंय ते हाताला माती न लागलेल्या सभ्य गृहस्थांबद्दल. असीरगडची चित्रफीत बघून 'काय हे अडाणी लोक!' म्हणणारा माणूस दुसऱ्याच मिनिटाला विचारतो, 'अहो, चीनच्या त्या पहिल्या सम्राटाची कबर अजून उघडत का नाहीत? आत काय काय असेल!' एकाला आतलं विकायचंय, दुसऱ्याला नुसतं बघायचंय. दुसऱ्याच्या हव्यासाला संशोधन म्हणतात, इतकाच फरक.

'पण ज्ञान मिळेल ना?' असं विचारणाऱ्यांनी बीजिंगजवळच्या दिंगलिंगची हकिगत ऐकावी.

मिंग घराण्याचा वानली सम्राट 1620 साली, म्हणजे शिवजन्माच्या दहा वर्षं आधी वारला आणि तिथे पुरला गेला. त्या कबरीवर ना धरणाचं पाणी येत होतं, ना चोरांनी भुयार पाडलं होतं. तरी 1956 मध्ये काही वजनदार विद्वानांच्या मनानं घेतलं. खरं तर त्यांना दुसऱ्याच एका मोठ्या सम्राटाची कबर खणायची होती, ही फक्त रंगीत तालीम! जाणत्या पुरातत्त्वज्ञांनी हात जोडून सांगितलं की आतल्या वस्तू टिकवायची विद्या आज आपल्यापाशी नाही. ऐकतो कोण? खणता खणता एक लहानसा दगड हाती लागला. इथून भिंत इतक्या अंतरावर, इतक्या खोलीवर, असं बांधणाऱ्यांनीच त्यावर कोरून ठेवलं होतं. मग काय, सगळ्यांना चेव चढला.

1957 मध्ये आतली दारं उघडली. सुमारे तीन हजार वस्तू निघाल्या, त्यांत रेशमाचे तागेच्या तागे. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातल्यावर जे होतं, ते त्या रेशमाचं झालं. बाहेरची हवा लागली, रंग उतरले, कापड कडक झालं. वाचवायला म्हणून रसायनाचा लेप दिला, तर त्यानं आणखी वाट लागली. 1959 मध्ये संग्रहालय थाटामाटात उघडलं आणि त्याच वर्षी सम्राटाच्या मूळ लाकडी शवपेट्या डोंगरउतारावर भिरकावून दिल्या. नव्याकोऱ्या नकला तयार होत्या, जुनं लाकूड कशाला हवं? 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांतीचे रेड गार्ड आले. त्यांनी सम्राटाची आणि दोन राण्यांची हाडं बाहेर ओढली, त्यांचा जाहीर निषेध केला आणि ती जाळून टाकली.

आणि ज्या ज्ञानासाठी हा खटाटोप केला, त्याचा अहवाल? खोदकाम संपलं 1958 मध्ये. अहवाल छापून आला 1990 मध्ये. बत्तीस वर्षांनी! तोवर त्यात वर्णन केलेलं बरंचसं उरलंही नव्हतं.

चीननं यातून धडा घेतला. सम्राटांच्या कबरी हौसेखातर उघडायच्या नाहीत, असं धोरण ठरलं. पहिल्या सम्राटाचं टेकाड म्हणूनच आजही बंद आहे. त्याच्या मातीच्या सैनिकांवरचा रंग उघड्यावर आल्यावर काही मिनिटांत पोपडे धरतो, हे तिथल्या पुरातत्त्वज्ञांनी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या सभ्य गृहस्थांनी मात्र नुसता व्हिडिओ पाहिलाय.

'मग इजिप्तचा तुतनखामेन?' हा प्रश्न हमखास येतो, आणि तोही आपण डाव जिंकल्याच्या थाटात. सोन्याचा मुखवटा सगळ्यांना ठाऊक आहे. मुखवट्याखालच्या पोराचं काय केलं, ते विचारा. राळेत चिकटलेलं प्रेत निघेना, म्हणून 1925 मध्ये गरम सुऱ्यांनी मुंडकं सोडवलं, हातपाय सांध्यांतून वेगळे केले, धड कापलं. मग सगळे तुकडे वाळूवर नीट मांडून ठेवले. पाच हजारांहून अधिक वस्तू निघाल्या, पण संपूर्ण शास्त्रीय अहवाल न लिहिताच ती कबर खणणारे कार्टर 1939 मध्ये गेले. शाप वगैरे आम्ही मानत नाही. शापाची गरजच काय, माणसं पुरेशी आहेत.

आणि ज्ञानच हवं असेल तर ते राजाच्या पेटीत शोधताच कशाला? फारोंच्या कबरी खोदणारे कारागीर देर-अल-मदिना नावाच्या वस्तीत राहत. त्यांनी टाकून दिलेल्या हजारो खापऱ्यांवर हिशेब, भांडणं, उधाऱ्या, कामाला दांडी मारल्याची कारणं लिहिलेली सापडली. तिसऱ्या रामसेसच्या काळात धान्याचा पगार थकला म्हणून याच कामगारांनी हत्यारं खाली ठेवली, हे एका पपायरसवरून कळतं. नोंद असलेला जगातला सर्वांत जुना संप म्हणतात तो हाच. पण उकिरड्यावर चित्रपट निघत नाही.

'आपण नाही काढलं तर चोर नेतील.' हा युक्तिवाद ऐकला की हसावं की रडावं कळत नाही. चोर येईल म्हणून घरमालकानंच तिजोरी फोडायची? चोराचं भय असेल तर पहारा ठेवा. जिथे खरोखर पाणी चढतंय, रस्ता येतोय, भगदाड पडलंय, तिथे जरूर खणा; त्याला आमचा विरोध नाही. बाकी ठिकाणी यंत्रं आहेत. 2017 मध्ये खुफूच्या पिरॅमिडमधली किमान तीस मीटर लांबीची पोकळी म्युऑन कणांच्या साहाय्यानं सापडली, एकही दगड न हलवता.

'मेलेल्याला काय कळतंय?' काहीच नाही. म्हणूनच त्याच्या वतीनं आम्ही भांडतोय.

मागण्या साध्या आहेत. धोका नसलेली कबर, समाधी, स्मारक खणू नये. खोदकामाला मंजुरी देण्याआधी वस्तू जपण्याची प्रयोगशाळा, माणसं आणि पैसा दाखवावा. अहवालाची मुदत आधी जाहीर करावी आणि मागचा अहवाल छापल्याशिवाय नव्या जागेला कुदळ लावू देऊ नये. आपल्या गावच्या वीरगळांचे आणि समाध्यांचे आजच फोटो काढा, ग्रामपंचायतीत त्यांची नोंद करायला लावा आणि येत्या ग्रामसभेत त्यांच्या राखणीचा ठराव मांडा. सूचक-अनुमोदक लागतात, दोघं मिळूनच जा.