सुट्टीतली पुस्तकं

परीक्षा संपल्या की कॉलेजच्या ग्रंथालयात सुट्टीसाठी पुस्तकं नेणाऱ्यांची गर्दी होते आणि पहिली झडप जाडजूड पौराणिक-ऐतिहासिक कादंबऱ्यांवर पडते. ‘मृत्युंजय’ एरवी हातावेगळी होत नाही, हे खरं. पण जाडी हा काही निवडीचा निकष नव्हे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेल्या बोटीवर घडते, ती एक-दोन दुपारीत वाचून होते आणि नंतर बरेच दिवस पाठ सोडत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) तशीच आटोपशीर. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो, शाळा कशीबशी भरू लागते, आणि मग दुष्काळ पडून वाडी ओस होते. ती भर मे महिन्यातच वाचावी.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) मात्र पुढे ढकलू नये. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकरची ही गोष्ट लेखकाने पंचविशीत लिहिली. चाळिशीतल्या वाचकाला ती निराळीच लागते. आत्मचरित्रांत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) लागोपाठ घेतली, तर एकाच भाषेतली दोन जगं समोरासमोर येतात. एखादं पुस्तक पन्नास पानांनंतरही पकड घेत नसेल, तर ते खुशाल परत करावं.