आवाजाचा कोर्स आणि सोयाबीनचा हिशेब

निकालाचे दिवस आले की आपल्या तालुक्यात दोन प्रकारची माणसे गावोगावी फिरू लागतात. एक बियाणे कंपन्यांचे प्रतिनिधी आणि दुसरे कोर्सवाले. बियाण्याच्या पिशवीवर निदान उगवणशक्तीचा टक्का छापलेला असतो. शंभरातले किती दाणे उगवतील ते शेतकऱ्याला आधी कळते आणि न उगवल्यास तक्रार करायला जागा राहते. कोर्सच्या रंगीत पत्रकावर मात्र शंभरातली किती मुले नोकरीला लागली हे छापलेले मी आजवर पाहिले नाही.

भद्रावती तालुक्यातले एक कास्तकार काका मागच्या हंगामाच्या तोंडावर असेच एक पत्रक घेऊन माझ्याकडे आले. पाच एकर कोरडवाहू जमीन, त्यात सोयाबीन आणि पऱ्हाटी. मुलगी बी. ए. झालेली. शाळेपासून सूत्रसंचालन करते, गावातल्या कार्यक्रमात माईक तिच्याच हाती. "साहेब, पोरगी म्हणते का नागपूरले जाऊन रेडिओ-टीव्हीचा कोर्स करतो. पैसे लावू का नको लावू, तुम्हीच सांगा." रेडिओवर मी दोन-चार वेळा बोललो आहे एवढीच माझी या विषयातली पात्रता. पण खर्चाचा हिशेब मांडणे हे आमचे रोजचे काम आहे, तेव्हा तोच आधी मांडला.

पत्रकावर सहा महिन्यांची फी होती 60 हजार. नागपूरला खोली आणि मेस धरून महिन्याला 8 हजार, म्हणजे आणखी 48 हजार. एकूण 1 लाख 8 हजार रुपये. 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. त्या भावाने सव्वावीस क्विंटल सोयाबीन या कोर्सला लागते. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर चार एकरांतले सगळे पीक गेले. यात बियाणे, फवारणी, सोंगणी, मळणी काहीच वजा केलेले नाही, आणि बाजार समितीत हमीभाव मिळेलच असेही धरून चालता येत नाही. काका बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले.

आता दुसरी बाजू. हे प्रमाणपत्र कुठे चालते?

माझी स्वतःची पात्रता कृषी पदविका. लोक तिला कमी समजतात, समजू द्या. पण कृषी सहायकाच्या भरतीत ती पात्रता म्हणून धरली जाते, म्हणून तिची किंमत आहे. मी हुशार होतो की नव्हतो हा भाग वेगळा. कोणत्याही प्रमाणपत्राला पहिला प्रश्न हाच विचारावा की कोणत्या पदाच्या जाहिरातीत त्याचे नाव येते. आकाशवाणी हंगामी निवेदक घेते तेव्हा साधारणपणे कोणत्याही शाखेची पदवी मागते. मग लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी. त्यात जे उतरतात त्यांना आकाशवाणीचाच 'वाणी' नावाचा प्रमाणपत्र कोर्स करावा लागतो. त्यालाही फी आहे, पण क्रम बघा. आधी चाचणी, मग कोर्स. खाजगी संस्थांत हा क्रम उलटा असतो. तिथे प्रवेशाला आवाज ऐकतात खरे, पण त्या चाचणीत नापास झालेला मुलगा मला अजून भेटायचा आहे.

निवेदक म्हणून निवड झाली तरी ती नोकरी नव्हे, हेही मुलांना कोणी स्पष्ट सांगत नाही. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या, आणि कायम होण्याचा कोणताही हक्क नाही. समजा एका ड्युटीचे दीड हजार मिळाले, तर महिन्याचे झाले 9 हजार, तेही सहाच्या सहा ड्युट्या मिळाल्या तर. भद्रावतीहून चंद्रपूर सव्वीस किलोमीटरच्या आसपास. पण पहिल्या सभेची ड्युटी असली की पहाटे पोचावे लागते. त्या वेळी एस. टी. कुठली? म्हणजे आदल्या रात्री कोणाकडे तरी मुक्काम आला.

2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कास्तकारांना रडवले, त्यानंतर मला एकदा ध्वनिमुद्रणासाठी बोलावणे आले होते. मी कागदावर सगळे शुद्ध भाषेत लिहून नेले. कामगंध सापळे हेक्टरी पाच, असे वाचले. समोरच्या निवेदकाने हात वर करून मला थांबवले. म्हणाला, "साहेब, गावात हेक्टर कोण मोजतो? एकरी दोन म्हणा. आणि कपाशी नका म्हणू, पऱ्हाटी म्हणा." पुन्हा मुद्रण केले. नंतर चहा घेताना कळले की हा गृहस्थ कित्येक वर्षांपासून हंगामी आहे आणि घर किराणा दुकानावर चालते. एकर-हेक्टरचा तो फरक त्याला कोणत्या कोर्सने शिकवला नव्हता. त्याच्या घरी शेती होती.

हा मुद्दा आज जास्त महत्त्वाचा झाला आहे. 26 मे 2015 रोजी डीडी किसान ही खास शेतकऱ्यांची वाहिनी सुरू झाली. बरोबर नऊ वर्षांनी, 26 मे 2024 ला, त्याच वाहिनीने 'क्रिश' आणि 'भूमी' असे दोन निवेदक आणले. ती माणसे नाहीत, संगणकाने तयार केलेली चित्रे आहेत. पन्नास भाषांत बोलू शकतात, थकत नाहीत, खोलीभाडे मागत नाहीत. समोरचा कागद स्वच्छ उच्चारात वाचून दाखवणे, एवढेच ज्या कोर्समध्ये शिकवतात, त्याने आजच्या मुलीला कोणाशी स्पर्धेला उभे केले आहे हे बापाने ओळखावे. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या बाईला तिच्या भाषेत प्रश्न विचारणे, तिच्या उत्तरावर पुढचा प्रश्न काढणे, हे काम मात्र अजून माणसाचेच आहे. गडचिरोलीकडच्या ज्या मुलांना ही भाषा घरातून मिळाली आहे त्यांच्याकडे ते भांडवल फुकटात आहे, आणि तीच मुले मुलाखतीत ती लपवतात!

कोर्सवाले आणखी एक सांगतात की आता रेडिओ वाढणार. त्यात तथ्य आहे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांत 730 खाजगी एफ. एम. वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. पण लिलावाची मंजुरी म्हणजे वाहिनी नव्हे, आणि वाहिनी आली तरी तिच्यावर दिवसभर किती माणसे लागतात?

सामुदायिक रेडिओचे धोरण 2006 साली स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना खुले झाले. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी 2008 पासून उभी राहिली. गावच्या आवाजाला खरी जागा आहे ती अशा ठिकाणी. तिथले अर्थकारण मात्र समजून घ्या. फेब्रुवारी 2024 च्या सुधारित नियमांप्रमाणे तासाला बारा मिनिटे जाहिरात घेता येते आणि दहा सेकंदांचा दर आहे 74 रुपये. बारा मिनिटांत दहा सेकंदांचे 72 तुकडे बसतात. गुणाकार करून पाहिला तर उत्तर आले 5,328. म्हणजे जाहिरातीची सगळी जागा भरली, तर रेडिओच्या एका तासाची कमाई एक क्विंटल सोयाबीन! योगायोग आहे, पण काकांना तो लगेच समजला. ती जागा रोज, दर तासाला भरत नाही हे वेगळे सांगायला नको.

मग आवाजाला आपल्याकडे बाजार नाही का? आहे की. वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर धानाची कापणी उरकली की गावोगावी रात्र गाजवतात, आणि झाडीपट्टीत काम करणाऱ्या नटाला तालमीत जोखूनच घेतात. तिथे प्रमाणपत्र दाखवले तर लोक हसतील. लग्नाचे सूत्रसंचालन, ऑटोवर फिरणाऱ्या जाहिरातींचे मुद्रण, निवडणुकीतला प्रचार, हेही आहे. मोठी कमाई नाही, पण खिशातून काही घालावे लागत नाही.

कोर्स करूच नये असे माझे म्हणणे नाही. कॅमेरा, ध्वनिमुद्रण, संकलन ही हाताची कामे आहेत, आणि ज्या संस्थेत मुलाला रोज यंत्राला हात लावू देतात तिथली फी वाया जात नाही. ज्याला बातमीदारीतच जायचे त्याने पदवीनंतर अमरावतीच्या भारतीय जनसंचार संस्थेच्या प्रवेशाची तयारी करावी. 2011 पासून ती विदर्भात आहे, तिथे मराठी पत्रकारिताही शिकवतात. पण फळ्यावर माईकचे चित्र काढून शिकवणाऱ्या दोन खोल्यांच्या संस्थेसाठी पेरणीचा पैसा मोडणे मला पटत नाही.

काकांना मी म्हटले, पोरीला आधी आकाशवाणीची जाहिरात येईल तेव्हा चाचणी देऊ द्या. तोवर मोबाइलवर रोज दहा मिनिटे मुद्रण करू द्या. गावातल्या बायकांना बोलते करू द्या, पीक पाण्यावर, दवाखान्यावर. ते ऐकून परके माणूस कंटाळले नाही तर पुढचे बघू. मुलीला हे फारसे आवडले नाही. तिच्या दोन मैत्रिणींनी त्याच संस्थेत नाव घातले होते. काकांनी पैसे बियाण्याला लावले.

परवा संस्थेतून पुन्हा फोन आला. फी दहा हजारांनी कमी केली, चार दिवसांत जागा भरतील म्हणाले. काका पुन्हा विचारायला आले. मी म्हटले, मागच्या तुकडीतल्या पाच मुलांचे फोन नंबर मागा, ती आज कुठे कामाला आहेत ते आपण त्यांनाच विचारू. काकांनी तिथेच उभ्या-उभ्या फोन लावून मागितले. पाठवतो म्हणाले. त्याला आज नऊ दिवस झाले, नंबर आलेले नाहीत.